खालून येणारा रंग

सकाळी शटर वर केलं तेव्हा मनकर्णाचं नाव गुलाबी झालेलं होतं. काल संध्याकाळी ते पांढरं होतं. मी स्वतः एक जर्सी दारात उजेडाला नेऊन बघितली होती. नवीन चुना मारलेल्या भिंतीसारखं पांढरं. मरून जर्सी, पाठीवर वरच्या बाजूला कमानीत ‘मनकर्णाताई’. छापून झाल्यावर सगळ्या जर्सी दोरीवर पाठ दाराकडे करून टांगल्या, पंखा लावला, आणि आत जाऊन जेवलो. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती. आता त्याच दोरीवर त्याच पाठी ओळीने दिसत होत्या आणि प्रत्येकीवर तिचं नाव लाल कपड्यांत भिजलेल्या बनियनसारखं झालं होतं. आधी वाटलं उजेड तसा असेल. समोरच्या दुकानाचा लाल बोर्ड आहे, त्याची झाक पडली असेल. एक जर्सी काढून रस्त्यावर नेली. तिथं ती जास्तच गुलाबी दिसली. मी बोट थुंकीनं ओलं करून ‘म’वर घासलं. बोटाला काही लागलं नाही. लागणार नव्हतंच. वरून लागलेला रंग बोटाला येतो, हा खालून आलेला होता.

उद्या मनकर्णाचा पहिला स्मृतिदिन. सकाळी घरी बुद्धवंदना, आणि ऊन उतरल्यावर विहारामागच्या मैदानावर पोरींचे कबड्डीचे सामने. ती त्या पोरींना शिकवायची. स्वतः जामखेडला शाळेत असताना खेळली होती, लग्नानंतर सुटलं, पण संगमनेरला हे दुकान टाकल्यावर शेजारच्या दोन पोरींना अंगणात पकड कशी करायची ते दाखवता दाखवता एक संघ उभा राहिला. साडीचा पदर खोचून ती मैदानात उतरायची आणि एखाद्या पोरीचा घोटा धरला की सोडायची नाही. घरी आल्यावर पोटऱ्यांना माती तशीच. मी म्हणायचो, पाय धू. ती म्हणायची, वाळली की आपोआप पडती. पोरींनी या वर्षी आपापसात वर्गणी काढून नवीन जर्सी घेतल्या, तिचं नाव टाकायचं ठरवलं, आणि छापायला अर्थातच माझ्याकडे आणल्या. एक जादा होती. ती माझ्यासाठी म्हणाल्या.

मनकर्णा गेल्यापासून मी पॉलिस्टर छापत नव्हतो. कोणी जर्सी घेऊन आलं की नाशिक रस्त्यावरच्या एका पोराकडे पाठवायचो. लग्नाच्या कापडी पिशव्या, पतसंस्थेच्या पिशव्या, दूध संघाच्या कामगारांचे सुती टी-शर्ट, एवढंच. सुतीला काही विचारावं लागत नाही. इंक टाक, रबर ओढ, कडक ताप दे, झालं. आमच्या दुकानात दोन माणसांची दोन कामं होती. जाळीची फ्रेम करणं आणि तिच्यावरून रबरानं इंक ओढणं माझं, कोणत्या कापडाला कोणती इंक हे तिचं. मी त्यात कधी डोकं घातलं नाही. ती कापड दोन बोटांत चोळायची, मग कडेचा एक धागा उसवून काडीवर धरायची. सूत असलं तर कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, काळा मणी धरतं आणि गोडसर वास येतो. मिक्स असलं तर राखेत कण लागतात. हे मला सगळं माहीत होतं. रोज बघत होतो. ती म्हणायची, “पॉलिस्टरचा रंग झोपलेला असतो वो. ताप लागला की उठून वर येतो. छापून काढलं की पांढरं दिसतं, आपण खूश होतो, आणि तो रात्रभर वर चढत असतो.” मरून तर सगळ्यांत वाईट. म्हणून तिथं कमी तापात पिकणारी इंक लागते, आणि तिच्या खाली आधी राखाडी थर द्यायचा, अडवायला. पांढरं पाहिजे तर आधी राखाडी छापायचं, याचं मला पहिल्यांदा हसू आलं होतं.

मी परवा धागा जाळला नाही. जर्सी हातात घेतली, चोळली, कळलं नाही. काडेपेटी समोर होती. पोरींनी जर्सी घेतल्या त्या खेळाच्या दुकानवाल्या गहिनीनाथला मी फोन केला आणि त्याला विचारलं. तो म्हणाला, मिक्स हाय, सूतच जास्त. मी ते ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. म्हणून सुतीची नेहमीची पांढरी घेतली, नेहमीचा ताप दिला.

आता पुन्हा त्याला फोन लावला. मागे टेम्पोचा आवाज येत होता. म्हटलं, “गहिनीनाथ, ह्या मिक्स हायेत का खरंच?”

“मिक्सच की. काय झालं?”

“रंग चढला खालून.”

“मग थोडं पॉलिस्टर आसंल. थोडं हिकडचं, थोडं तिकडचं, त्यालाच मिक्स म्हनत्यात बन्सीशेठ.”

“दुसऱ्या हायेत का तुझ्याकडं? कोऱ्या?”

“मरून संपल्या. पोपटी हायेत.” मग थोडं थांबून म्हणाला, “गुलाबी झालं तर झालं. पोरींच्याच हायेत ना.”

मी फोन ठेवला. त्याच्यावर राग आला नाही, हे मला जाणवलं आणि बरं वाटलं नाही. राग आला असता तर कुठंतरी जायला वाट मिळाली असती. मनकर्णाच्या वेळी दवाखान्यातही असंच झालं होतं. ऑपरेशननंतर डॉक्टर हसून म्हणाले, सगळं साफ आहे, घरी न्या. आम्ही येताना बसस्टँडसमोर उसाचा रस प्यालो होतो. तिनं दोन ग्लास घेतले. साफ दिसत होती ती. चार महिने गव्हाच्या पिठासारखी साफ, मग दुखणं पुन्हा वर आलं. मी डॉक्टरांवरही रागावलो नाही. त्यांनी जे दिसलं ते सांगितलं.

राजेश्वरी आली तेव्हा मी दोरीखाली उभा होतो. ती संघाची कॅप्टन, कॉलेजला जाते, मनकर्णाच्या हातची पहिली पोर. जर्सी न्यायला मोठी पिशवी घेऊन आली होती. तिनं दोरीकडे बघितलं. मग एक जर्सी हातात घेऊन म्हणाली, “काका, वाईट नाही दिसत. मरूनवर गुलाबी चालतंय आजकाल.”

“ताई काय म्हणाली असती?”

“ताई?” ती थोडी हसली. “ताई म्हणाली असती, कोणी छापलं हे, त्याला मैदानाला पाच चकरा मारायला लावा.”

मलाही हसू आलं. म्हटलं, पिशवी ठेवून जा, संध्याकाळी ये. ती म्हणाली, उद्या सामने आहेत काका. मी म्हटलं, माहीत आहे मला उद्या काय आहे. आवाज चढला. ती गेली नाही. स्टूल ओढून बसली. मोबाईल काढला, पण बघत नव्हती.

एक मार्ग होता. त्याच नावावर बरोबर तेच नाव पुन्हा छापायचं. आधी राखाडी, मग पॉलिस्टरची पांढरी, दोन्ही कमी तापात. त्यासाठी तीच फ्रेम लागते. काम झालं की फ्रेम त्याच संध्याकाळी धुवायची ही आमच्या धंद्याची रीत. जाळीवरचं नाव औषधानं सोडवायचं, पाण्याच्या जोरावर काढायचं, आणि जाळी दुसऱ्या कामाला मोकळी करायची. जुनं नाव जाळीत फार दिवस राहिलं की धरून बसतं, मग निघत नाही, जाळी वाया जाते. काल मी औषध लावायला घेतलं होतं. पाण्याचा पाईपही हातात होता. पण नाव उलट बाजूनं दिसत होतं, आणि मला वाटलं राहू दे आजच्या दिवस. फ्रेम भिंतीला टेकून उभी होती. मी ती उचलली, उजेडाला धरली. रफारात इंक बसली होती, तेवढी सुईनं मोकळी केली. बाकी नाव शाबूत होतं.

इंक मात्र तिची. वरच्या फळीवर तिचे डबे तसेच होते, ते मी हलवले नव्हते. ती पुण्याहून ड्रममधून सुटी इंक भरून आणायची, त्यामुळे डब्यांवर छापील काही नसायचं. चिठ्ठी ती लावायची नाही. म्हणायची, चिठ्ठीवर इंक सांडती आणि वाचता येत न्हाई. त्याऐवजी ज्या कापडासाठी डबा, त्या कापडाची चिंधी त्याच्या कडीला बांधायची. स्टूलावर चढून मी डबे खाली घेतले. राखाडी एकच होता, तो झाकण उघडल्यावर लगेच कळला. ताप लागल्याशिवाय ही इंक वाळत नाही, वर्षानंतरही तशीच मऊ होती, आणि तिच्या मध्यभागी पत्र्याच्या पट्टीचा ओरखडा होता. शेवटची तिनं काढली तेव्हाचा. मी झाकण परत लावलं. पांढरे दोन होते. दोन्हींच्या कडीला मरून चिंधी. एक मिक्ससाठीची, तिला जास्त ताप लागतो. एक पॉलिस्टरसाठीची, ती कमी तापात पिकते. उलटसुलट झालं तर एक कच्ची राहून धुतल्यावर सोलून निघणार, नाहीतर जास्त तापानं उरलासुरला रंगही वर ओढला जाणार. जर्सी दुसरी नव्हती. पुण्याला जाऊन यायला दिवस गेला असता. मी दोन्ही चिंध्या बोटांत चोळल्या. मनकर्णाच्या बोटांना कळायचं. माझ्या बोटांना रबराचा दांडा तेवढा कळतो. दोन्ही धुळीनं सारख्याच खरखरीत लागत होत्या.

“जाळून बघा ना काका,” राजेश्वरी म्हणाली. “ताई तसंच करायची.”

“हो.”

“काडेपेटी देऊ?”

“हाय माझ्याकडं.”

मी काडेपेटी हातात घेऊन बसलो. तिला ते विचित्र वाटत असणार. मला तिला सांगता येत नव्हतं, आणि इतरही कोणाला सांगितलं नव्हतं. मनकर्णाला नेलं त्या दिवशी तिच्या अंगावर पांढरी साडी होती. आमच्यात पांढरंच नेसवतात. दुकानं उघडायच्या वेळेला कोणीतरी पळत जाऊन आणली होती, घाईत, जे मिळालं ते. मी बघितली नव्हती नीट. तिचा चेहरा बघत होतो. प्रवरेच्या काठावर भडाग्नी दिला, लोक मागे सरले, आणि पहिल्याच धुरात मला तो गोडसर वास आला. लाकडाच्या वासाच्या आधी. इतकी वर्षं तिनं माझ्या नाकासमोर काडी धरली होती. माझ्या मनात पहिला शब्द ‘पॉलिस्टर’ आला. माणूस रडतो, हाक मारतो, काहीतरी म्हणतो. मी चितेसमोर उभा राहून कापड ओळखलं. आणि तेही चुकीचं कापड होतं. सुती साडीशिवाय तिनं आयुष्यात दुसरं नेसलं नव्हतं. उकडतं म्हणायची. तेव्हापासून काडी पेटवायची म्हटलं की हात मागे येतो. गॅससाठी मी लायटर आणला. वंदनेला मेणबत्ती शेजारची बाई लावते.

काडी ओढली. पहिली मोडली. दुसरी पेटली. एका डब्याच्या चिंधीचा धागा धरला, तो कागदासारखा जळला, बोटानं चुरडला तर राखेत बारीक कण. मिक्स. मग दुसऱ्या डब्याच्या चिंधीचा धरला. तो ज्योतीपासून मागे पळाला, वळला, काळा थेंब झाला, आणि वास सुटला. मी नाक बंद केलं नाही. जर्सीच्या आतल्या शिवणीतून एक धागा काढला आणि तोही धरला. तोच थेंब, तोच वास. सूत नावालाही नव्हतं.

आतल्या दारात लंकाबाई उभ्या होत्या. मनकर्णाच्या थोरल्या बहीण, जामखेडहून कालच आलेल्या. हातात चहाची कपबशी. त्यांनी ती टेबलावर ठेवली नाही, तशीच धरून राहिल्या.

“दाजी, ह्यो कशाचा वास?”

“पॉलिस्टरचा आक्का. बघत हुतो.”

त्या पुढं आल्या. मग म्हणाल्या, “त्या दिवशीबी आलता.”

मी वर बघितलं.

“ते लुगडं मीच आनलं,” त्या म्हणाल्या. “दुकानदार म्हनला सुतीच हाय. हातात घेतलं तवाच मला कळलं, सुती न्हाई ते. पर मागं फिरायला टाइम न्हवता. तुमी चितेपुढं हुबे हुता, मला वाटलं तुमाला काय कळंना आसंल. मला वरीसभर रातच्याला त्योच वास येतुया.”

आम्ही दोघं त्या काळ्या मण्याकडे बघत राहिलो. राजेश्वरी मोबाईलमध्ये मान घालून बसली होती, पण ऐकत होती. मला वाटलं होतं की तो वास फक्त माझ्याच नाकात आहे. तो जामखेडलाही गेला होता.

“तिनं नावं ठेवली असती,” मी म्हणालो.

“लई ठिवली असती. म्हनली असती, आक्के, तुला एक काडी वढता आली न्हाई व्हय?” लंकाबाई हसल्या आणि पदर तोंडाला लावला. चहा बशीत सांडला होता. मी तो बशीतूनच प्यालो.

सगळ्यात आधी माझी जर्सी घेतली, ती जादाची. चुकली तर तीच चुकू दे. जर्सी छापायच्या पाटावर चढवली, फ्रेम तिच्यावर ठेवली आणि जाळीतून खाली बघत नावावर नाव आणलं. केसाएवढं सरकलं तर अक्षराला सावली येते, दोन मनकर्णा दिसतात. राजेश्वरीनं न सांगता जर्सीच्या बाह्या दोन्हीकडून ताणून धरल्या. राखाडी ओढली. फ्रेम उचलली तेव्हा गुलाबी नाव गेलं होतं आणि त्या जागी राखेच्या रंगाचं नाव होतं. ते बघवत नव्हतं. ते तसंच थोडं सुकवून वर पांढरी ओढली, पुन्हा ओढली, आणि तापाचा काटा नेहमीपेक्षा बराच खाली आणून शेकली. पांढरं झालं. पण पांढरं तर कालही झालं होतं.

मनकर्णाची एक रीत होती. नमुना छापला की तो नावाची बाजू आत करून घडी घालायची आणि दुपारच्या उन्हात पत्र्यावर टाकायची, वर वीट. पत्रा इतका तापतो की जो रंग रात्रभरात चढणार तो दुपारीच चढतो. मी जिन्यानं वर गेलो, जर्सी ठेवली, वीट ठेवली. खाली येऊन बाकीच्या जर्सी एकेक करून पाटावर मांडायच्या होत्या, पण नमुना बघितल्याशिवाय हात लावणार नव्हतो. त्या दुपारी मी काहीच करू शकलो नाही. लंकाबाईंनी भाकरी वाढली, अर्धी खाल्ली. दर थोड्या वेळानं वाटायचं वर जावं आणि उघडून बघावं, आणि मी जात नव्हतो. उघडून बघितलं तर ताप जातो, असं ती म्हणायची. दवाखान्यात शेवटच्या महिन्यात मी तिच्या कपाळावर सारखा हात ठेवायचो. तेव्हा ती डोळे न उघडता म्हणाली होती, सारखं काय बघताय, मी पत्र्यावर ठिवलेली हाय का?

ऊन कलल्यावर वर गेलो. वीट गरम होती, ती फडक्यानं धरून बाजूला केली. घडी उघडली. पांढरं होतं. मी जर्सी फिरवून बघितली, सावलीत धरली, उन्हात धरली. रफाराच्या टोकाला थोडी झाक वाटली, की मलाच वाटली, कळेना. लंकाबाईंना वरूनच हाक मारली. त्या जिन्यात अर्ध्यावर येऊन म्हणाल्या, “पांढरं हाय. मला तरी दिसतंय. आता उतरा खाली, डोसकं तापंल.” अंधार पडायच्या आत सगळ्या छापून झाल्या. राजेश्वरीनं आणखी दोन पोरींना बोलावलं होतं. एक बाह्या धरायची, एक जर्सी दोरीवर नेऊन सुटी सुटी टांगायची. गरम जर्सी एकीवर एक ठेवायची नाही, हे त्यांना ताईनंच शिकवलं होतं, मला सांगावं लागलं नाही. एका जर्सीवर माझा हात सरकला आणि ‘ता’च्या कान्याला सावली आली. ही कोणाची, एका पोरीनं विचारलं. राजेश्वरी म्हणाली, माझी. शटर लावताना मी एकदा मागे वळून बघितलं आणि मग लाईट घालवला.

सकाळी शटर वर करायला मी गेलो नाही. लंकाबाईंना चावी दिली. त्यांनी शटर वर केल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मी हातात साबण घेऊन उभा होतो. मग त्यांचा आवाज आला, “दाजी, कालच्यावानीच हायेत.” मी तोंड धुतलं.

वंदना झाली. मनकर्णाच्या फोटोपुढची मेणबत्ती मी लावली. संध्याकाळी मैदानावर गेलो तेव्हा पाणी मारून माती दाबलेली होती, चुन्याच्या रेषा आखलेल्या. कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. पोरी मरून जर्सीत उभ्या होत्या आणि मी कोणाचाही चेहरा बघत नव्हतो, पाठी बघत होतो. एकीकडून दुसरीकडे. प्रत्येक पाठीवर तिचं नाव. पांढरं. पण मला अजून खात्री नव्हती. खेळून पोरींचं अंग तापणार, घाम येणार, तोही तापच. सामना सुरू झाला. लंकाबाई शेजारी बसून पोरींना शिव्या घालत होत्या. “आगं पाय, पाय वढ, झोपली का काय,” असं चाललं होतं. मी अजूनही नावंच बघत होतो, कुठं झाक येते का. राजेश्वरी चढाईला गेली. समोरच्या संघातल्या एकीनं घोटा धरला, दुसरीनं कमरेला मिठी मारली, तिसरी धावून आली, तिघी मिळून तिच्यावर पडल्या आणि ती पाठीवर आपटली. तिथूनच ती पाठ मातीत घासत, इंच इंच सरकत मधल्या रेषेकडे यायला लागली. सगळं मैदान ओरडत होतं. तिचं बोट रेषेला लागलं. शिट्टी झाली. ती उठली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. पाठीवर ओल्या मातीचा थर होता. नाव दिसत नव्हतं.

“गेलं की वो नाव,” लंकाबाई म्हणाल्या.

“ती माती वरची हाय आक्का,” मी म्हणालो. “वाळली की पडती.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राजेश्वरी पुन्हा जागेवर जाऊन वाकून उभी राहिली. मी खुर्ची पुढे ओढली आणि शेजारच्या माणसाला विचारलं, किती गुण झाले?